एकोणीस सोबती

१

चूक सापडली मंगळवारी सकाळी, आणि दुपारचे डबे उघडेपर्यंत ती कोणाची हेही ठरून गेलं होतं.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला एक लहानशी प्रयोगशाळा होती. तिथे एकच काम चाले: माणसाच्या आतड्यात कोणकोणते जिवाणू राहतात त्याची यादी करणं. आपल्या प्रत्येकाच्या पोटात अशी एक मोठी वस्ती असते. काही जिवाणू अन्न पचवायला मदत करतात, काही नुसतेच राहतात, काही त्रास देतात. रुग्णाने घरी शौचाचा वाटाण्याएवढा नमुना नळीत घालायचा आणि नळी बंद करून ठेवायची. प्रयोगशाळेचा माणूस ती दारातून घेऊन जाई. मशीन यादी करी आणि यादी पोटाच्या डॉक्टरांकडे जाई. औषध चालू ठेवायचं की थांबवायचं, हे डॉक्टर एकट्या यादीवरून ठरवत नसत. पण यादी न पाहताही ठरवत नसत.

आता एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. एकाच जातीचे जिवाणू पुष्कळ लोकांच्या पोटात असतात. पण त्या जातीत निरनिराळी घराणी असतात, आणि माझ्या पोटातलं घराणं सहसा परक्या माणसाच्या पोटात आढळत नाही. या घराण्यांना प्रयोगशाळेत वंश म्हणत. दोन नळ्यांमधले वंश ताडून पाहायची सोय मशीनला याच आठवड्यात नवीन बसवली होती.

मंगळवारी मशीनने लाल अक्षरांत सूचना दिली. सतरा आणि अठरा नंबरच्या नळ्यांत एकोणीस वंश तंतोतंत सारखे होते.

सतरा नंबर चष्मेवाल्यांचा. शहराच्या उत्तर टोकाला त्यांचं चष्म्यांचं दुकान, वरच घर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, कागदांवरून एकटेच राहत. अठरा नंबर टायपिस्ट बाईंचा. कचेरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. पत्ता दक्षिण टोकाचा, मुलाच्या घरचा. दोघांचे डॉक्टर एक. बाकी कागदोपत्री काडीचा संबंध नाही.

"नळ्या ट्रेमध्ये शेजारी शेजारी होत्या," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. "एकीतलं दुसरीत सांडलंय. ट्रे कोणी भरला?"

ट्रे भरला होता खारूताईने. हे तिचं टोपणनाव. दोन्ही हातांनी भराभर काम करायची, आणि एप्रनच्या खिशात नळ्यांची झाकणं साठवून ठेवायची, म्हणून.

चौकशी शुक्रवारी अकराला ठरली. सांडल्याचं सिद्ध झालं तर खारूताईची नोकरी जाणार होती, आणि असा ठपका घेतलेल्या मुलीला दुसरी कुठलीच प्रयोगशाळा दारात उभं करत नाही. भाड्याची एक खोली आणि हे टेबल, एवढंच तिचं जग होतं. खोलीत तिची वाट बघणारं कोणी नव्हतं.

चौकशीला बाहेरच्या जाणत्या माणसाची सही लागते. साहेबांनी एक जुना नंबर शोधून काढला आणि फोन लावला.

२

मोठ्या बाई त्या प्रयोगशाळेच्या पहिल्या प्रमुख. साहेबांनाही त्यांनीच शिकवलं होतं. फोन वाजला तेव्हा त्यांना दोनदा खाकरावं लागलं. रविवारपासून कोणाशी बोलायची वेळ आली नव्हती आणि आवाज बसला होता.

"बाई, फार काही नाही," साहेब म्हणाले. "एकदा यायचं, बघायचं आणि सही करायची."

"बघायचं आणि सही करायची, की सही करायची आणि बघायचं?"

साहेब हसले, पण जरा उशिरा.

बुधवारी सकाळी बाई आल्या. त्यांच्या टेबलाच्या जागी आता मोठं कपाट होतं. खारूताई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तिला कामाला हात लावू नकोस असं सांगितलं होतं, त्यामुळे हातांचं काय करावं हे तिला समजत नव्हतं.

"झालं का तुझ्या हातून?" बाईंनी विचारलं.

"नाही झालं, बाई." मग थांबून म्हणाली, "पण झालंच नसेल असं तरी कसं म्हणू? हात माझेच होते."

"हे उत्तर मला आवडलं. चल, याद्या काढ."

"तिने कशाला हात लावायचा नाहीये," साहेब म्हणाले.

"मग तू काढ. तुलाही येतं ते. निदान मी शिकवलं होतं."

साहेबांनी निमूटपणे याद्या काढल्या. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"असं समज," त्या खारूताईला म्हणाल्या, "एका वाडग्यात भरपूर तांदूळ आहेत, थोडे वाटाणे, चिमूटभर मोहरी. त्यातलं चमचाभर शेजारच्या वाडग्यात सांडलं. तिथे आधी काय सापडेल?"

"तांदूळ."

"का?"

"जास्त आहेत म्हणून. मोहरी आली तर आली, पण तांदूळ आल्याशिवाय राहणार नाही."

"आता अठरा नंबरमधला तांदूळ कोणता?"

खारूताईने यादीतल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. टायपिस्ट बाईंच्या नळीतला जवळजवळ एक पंचमांश भाग त्या एका वंशाचा होता. मग तिचं बोट सतरा नंबरच्या यादीवरून वरपासून खालपर्यंत गेलं. परत वर आलं.

"बाई, इथे तो नाहीच आहे!"

"उलटं सांडलं असेल," साहेब म्हणाले. "सतरातून अठरात."

त्यांनी स्वतःच बघितलं. चष्मेवाल्यांचा तांदूळही अठरा नंबरमध्ये नव्हता. सारखे होते ते अधलेमधले, काही तर अगदी मोहरीएवढे. सांडताना कोणी असं निवडून सांडत नाही.

"जुन्या याद्या आहेत ना या दोघांच्या?" बाई म्हणाल्या. "त्याही ताडून बघ."

मशीनला दहा मिनिटं लागली. पडद्यावर आकडे आले तसे साहेब खुर्चीत जरा पुढे सरकले.

३

दोघांचीही चाचणी दर तीन महिन्यांनी होत असे. नऊ महिन्यांपूर्वी त्यांच्यात सारखे वंश होते शून्य. सहा महिन्यांपूर्वी सहा. तीन महिन्यांपूर्वी तेरा. आणि आता एकोणीस.

"तीन महिन्यांपूर्वी तर मी तापाने पडले होते," खारूताई हळूच म्हणाली. "पंधरा दिवस."

हजेरीबुक तेच सांगत होतं. त्या वेळी नळ्या दुसऱ्याच मुलीने हाताळल्या होत्या, आणि दोन्ही वेगवेगळ्या ट्रेमध्ये होत्या.

"म्हणजे ही सुटली," बाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, समितीला 'हे नाही' एवढं पुरत नाही. 'मग काय' ते लागतं. ते नसेल तर समिती म्हणेल, मशीनचा भरवसा नाही, गेल्या सहा महिन्यांचे सगळे अहवाल रद्द करा. दोनशे रुग्ण आहेत. आणि इतकं रद्द करायचं तर कोणाच्या तरी नावावर करावं लागतं. ट्रेवर सही हिचीच आहे."

तो दुष्ट माणूस नव्हता. घाबरलेला होता. बाईंनी ते ओळखलं.

"नळ्या कोण आणतं?"

नळ्या पेटीवाला आणत असे. बर्फाची पेटी स्कूटरला बांधून तो शहरभर फिरे. नियम असा की नळी रुग्णाच्या नोंदलेल्या पत्त्यावरूनच घ्यायची आणि वहीत वेळ लिहायची. बाईंनी वही उघडली आणि त्याला हाक मारली.

"चष्मेवाले, सव्वाआठ," त्या वाचू लागल्या. "टायपिस्ट बाई, आठ वीस. उत्तर टोकापासून दक्षिण टोकाला जायला किती वेळ लागतो रे?"

"लागतो साधारण तासभर."

"मग तू पाच मिनिटांत कसा गेलास? स्कूटरला पंख लावून घेतलेस?"

पेटीवाल्याने साहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"एकदा दक्षिणेला गेलो होतो, तर त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, नळी इथे नाहीये. मग चष्मेवाले म्हणाले, कशाला हेलपाटा घालता, दोन्ही माझ्याकडूनच घेऊन जा. तेव्हापासून दोन्ही तिथेच असतात. दाराच्या कडीला पिशवी टांगलेली."

"आणि तू काही विचारलं नाहीस?"

"बाई, मी लोकांच्या शौचाच्या नळ्या गोळा करतो. लोक माझ्या नजरेला नजर देत नाहीत. नुसता हात बाहेर येतो आणि दार बंद होतं. त्यात मी प्रश्न विचारायचे?"

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "सापडलं! म्हातारा दोन्ही नळ्या स्वतःच भरतोय!"

४

"का भरेल?" बाईंनी विचारलं.

"ते त्यालाच माहीत. पण दोन्ही नळ्या एका दारातून येतात म्हणजे एकाच पोटातून येतात."

"बरं. त्यांच्या यादीत एकूण वंश किती?"

"साठ."

"एकाच पोटातून दोन नळ्या भरल्या तर साठांपैकी किती सारखे यायला हवेत?"

उत्तर खारूताईने दिलं. "जवळजवळ साठच्या साठ. आणि नऊ महिन्यांपूर्वी शून्य आले नसते."

"शाबास. सांडणं एका क्षणात होतं. फसवणूकही एका दिवसात होते. हे मात्र सावकाश वाढलंय. तीन महिन्यांत सहा, मग आणखी सात, मग आणखी सहा. एखाद्या घरात नवा माणूस येतो, तेव्हा त्याच्या वस्तू अशाच एकेक करून घरभर पसरतात." त्या उठल्या. "रुग्णांच्या आहारवह्या कुठे ठेवता?"

"माळ्यावर. त्या कोण वाचतं?"

"लिहिणारा तर कोणीतरी वाचेल म्हणूनच लिहितो ना?"

नमुना द्यायच्या आधी तीन दिवस काय खाल्लं ते रुग्णाने लिहून द्यायचं असे. बाईंनी त्यांच्या काळात ही पद्धत सुरू केली होती. आता वह्या यायच्या, शिक्का बसायचा आणि माळ्यावर जायच्या.

टायपिस्ट बाईंचं अक्षर छापल्यासारखं होतं आणि वेळा मिनिटांसकट लिहिलेल्या. चष्मेवाल्यांची वही म्हणजे तीन दिवसांत मिळून सात ओळी. पहिल्यांदा बघताना दोन्हींत काही सारखं दिसलं नाही. चष्मेवाल्यांना तिखट चालत नव्हतं, टायपिस्ट बाईंना गव्हाचं चालत नव्हतं. मोठ्या बाई एकेक तारीख लावून पुन्हा वाचत गेल्या. मागच्याच आठवड्याच्या सोमवारी त्यांचं बोट थांबलं.

टायपिस्ट बाईंनी लिहिलं होतं: 'सकाळी ७.१०. दूध नासले. चहा बिनदुधाचा.'

त्याच तारखेला चष्मेवाल्यांनी लिहिलं होतं: 'कोरा चहा. काय करणार.'

"योगायोग," साहेब म्हणाले.

बाईंनी तीन महिन्यांपूर्वीच्या वह्या पुढे सरकवल्या. एका रात्रीच्या जेवणापुढे टायपिस्ट बाईंनी लिहिलं होतं, 'गॅस संपला. भिजवलेले पोहे, केळे.' चष्मेवाल्यांची ओळ होती, 'पाव आणि केळं. गॅसवाल्याच्या नावाने शंख.'

शहराच्या दोन टोकांना एकाच रात्री दोघांचा गॅस संपू शकतो. एकाच सकाळी दोघांचं दूधही नासू शकतं. पण दोन्ही गोष्टी, त्याच दोन माणसांच्या बाबतीत?

"हे दोघं एकाच पातेल्यातलं दूध पितात," मोठ्या बाई म्हणाल्या. "ती बाई मुलाच्या घरी राहत नाही."

खारूताईने श्वास सोडला. साहेबांनी मात्र मान हलवली. "समितीपुढे मी नासलेलं दूध नेऊ? त्या बाईंच्या कागदांवर मुलाचा पत्ता आहे. नऊ महिन्यांपूर्वी मुलाने स्वतः सही केलीय, 'आई माझ्याकडे राहते.' मुलगा खोटं बोलला असं मी कशाच्या जोरावर सांगू?"

५

गुरुवारी सकाळी बाई दक्षिण टोकाला गेल्या. तिसरा मजला. दार सुनेने उघडलं. चाळिशीची, हातात इस्त्री करायचा शर्ट.

"सासूबाई झोपल्यात," बाईंचं बोलणं पुरं व्हायच्या आत ती म्हणाली.

"दहा वाजता?"

"रात्री झोप लागली नाही त्यांना."

"असू दे, उठवू नका. डॉक्टरांनी त्यांची औषधं बघून यायला सांगितलंय, तेवढी दाखवा."

सुनेने एक खण उघडला. तिथे बिलं आणि वायर होती. दुसरा उघडला. मग आतल्या खोलीत जाऊन आली, पण तेवढ्या वेळात बाईंना उघड्या दारातून खोली दिसली होती. पलंगावर गादी नव्हती. त्यावर दोन बॅगा आणि कपड्यांचे ढीग होते. झोपलेलं कोणी नव्हतं.

"रोजची गोळी कुठे असते ते घरात सगळ्यांना माहीत असतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "माणूस घरात असेल तर."

सून खाली बसली. शर्ट मांडीवरच राहिला.

"आठ महिने झाले," ती म्हणाली. "भांडण नाही झालं हो. भांडण झालं असतं तर बरं होतं, मिटवता तरी आलं असतं. आमच्या घरात कोणी कोणाशी बोलतच नाही. हे कामावरून येतात, फोन बघत जेवतात. मी थकलेली असते. त्या बसून असायच्या, बोटं अशी मांडीवर वाजवत. टाइप करतात ना, तशी. एक दिवस म्हणाल्या, बहिणीकडे जाते थोडे दिवस. मी म्हटलं, जा. त्यांना बहीणच नाही, हे मला चार दिवसांनी आठवलं."

"आणि तुमचे यजमान?"

"ते काही विचारत नाहीत. मीही सांगत नाही. कोणी आलं की म्हणतो, झोपल्यात." तिने डोळे पुसले. "दर तीन महिन्यांनी तुमचं रिकाम्या नळीचं पाकीट इथे येतं. त्या ते घ्यायला जिन्यापर्यंत येतात. वर या म्हटलं तर म्हणतात, गुडघा दुखतोय."

"कुठे राहतात, विचारलंत कधी?"

"विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं," सून म्हणाली. "मग आम्हाला काहीतरी करावं लागलं असतं."

बाई जिना उतरल्या. आता सगळं समजलं होतं, आणि त्याचा आनंद मात्र कुठेच होत नव्हता.

६

चष्म्यांच्या दुकानाच्या भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता होता. खाली चष्मेवाले एका भिंगाची कड घासत बसले होते. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, दोन्हींना वेगळ्या कड्या, मध्ये स्वयंपाकघर. टायपिस्ट बाईंनी पाणी आणून दिलं आणि त्या टेकल्या. बोटं मांडीवर वाजत होती.

मोठ्या बाईंनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. सतरा, अठरा, शून्य, सहा, तेरा, एकोणीस. एका घरात राहणाऱ्या माणसांचे जिवाणू हातांवरून, भांड्यांवरून, रोजच्या वावरण्यातून एकमेकांकडे कसे जातात, आणि त्यातले काही तिथेच कसे रुजतात.

"म्हणजे आमच्या पोटांनी आमची चुगली केली!" चष्मेवाले म्हणाले. "मी पाच वर्षं या घरात रेडिओशी बोललो. त्याने कधी कोणाला काही सांगितलं नाही."

"तुम्ही जरा गप्प बसा," टायपिस्ट बाई म्हणाल्या. मग मोठ्या बाईंना, "आमचं तसलं काही नाही. डॉक्टरांच्या बाकावर ओळख झाली. नंबर यायला तीन-तीन तास लागायचे. यांची खोली रिकामी होती. मी स्वयंपाक करते, हे भांडी घासतात."

"आणि त्यावर रोज बोलणी खातो. कढईला डाग राहतो म्हणे. मी चष्म्याचा माणूस, मला डाग दिसत नाही आणि यांना दिसतो!"

"मी तसलं काही विचारायला आले नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "उद्या अकराला चौकशी आहे. एका मुलीची नोकरी जाणार आहे, तुमच्या दोन नळ्या सारख्या निघाल्या म्हणून. तिचा काही दोष नाही. पण हे मी समितीला नुसतं सांगू शकते, सिद्ध करू शकत नाही. सिद्ध करायला तुमचा बदललेला पत्ता लागेल. तुमच्या सहीचा."

टायपिस्ट बाईंची बोटं थांबली.

"मी नाही म्हटलं तर?"

"तर तुमचं नाव मी घेणार नाही. जी माहिती तुम्ही दिली नाही, ती वापरायचा मला हक्क नाही. आकडे आहेत तेवढे मांडेन."

"मुलाची अब्रू जाईल म्हणून घाबरता ना?" चष्मेवाले म्हणाले. "त्याने कधी..."

"अब्रू नाही हो." टायपिस्ट बाई खिडकीकडे बघत बोलल्या. "पत्ता बदलला की ते पाकीट इथे येईल. मग त्या घरी जायचं काही कारणच उरणार नाही. दर तीन महिन्यांनी मी त्या जिन्यापर्यंत जाते. कधी सून भेटते. एकदा तो बाल्कनीत उभा होता. मला दिसला. त्याने मला पाहिलं की नाही, माहीत नाही."

चष्मेवाल्यांनी उठून रिकामा पेला उचलला आणि मोरीत धुवायला नेला. तो धुवायला त्यांना फार वेळ लागला.

"त्या मुलीला घरी कोण आहे?" टायपिस्ट बाईंनी विचारलं.

"कोणी नाही."

त्यावर त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मोठ्या बाई निघाल्या तेव्हा जिन्यापर्यंत पोचवायला दोघांपैकी कोणीच आलं नाही.

७

शुक्रवारी अकराला समितीत तीन जण होते: पोटाचे डॉक्टर, इस्पितळाचे अधिकारी आणि साहेब. खारूताई भिंतीजवळ बसली होती. एप्रन घरीच ठेवून आली होती, तो आता आपला आहे की नाही हे ठाऊक नसल्यासारखी.

मोठ्या बाईंनी तांदूळ आणि मोहरीपासून सुरुवात केली. आकडे मांडले, हजेरीबुक दाखवलं. डॉक्टर लक्षपूर्वक ऐकत होते. अधिकारी घड्याळ बघत होते.

"म्हणजे सांडलेलं नाही," अधिकारी म्हणाले. "मान्य. मग दोन अनोळखी माणसांच्या पोटात हे आलं कुठून?"

"दोन माणसं बराच काळ एकत्र राहिली की असं होतं."

"ही दोघं राहतात का एकत्र?"

बाई गप्प राहिल्या. साहेबांना उत्तर माहीत होतं. त्यांनी तोंड उघडलं, बाईंकडे पाहिलं आणि मिटलं.

"मग सिद्ध काय झालं?" अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मला वाटतं, सहा महिन्यांचे अहवाल..."

दारावर टकटक झाली. टायपिस्ट बाई आत आल्या. एकट्या. जिने चढून दम लागला होता.

"पत्ता बदलायचा फॉर्म इथे मिळतो का?" त्यांनी विचारलं. "मला जरा उशीर झाला. आठ महिने."

कोणीतरी फॉर्म दिला. त्यांनी उभ्यानेच मुलाचा पत्ता लिहिला, त्यावर एक सरळ रेघ मारली आणि खाली नवा पत्ता लिहिला, छापल्यासारख्या अक्षरात. 'राहण्याची सुरुवात' या रकान्यात आठ महिन्यांपूर्वीची तारीख घातली. पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"घरातल्या दुसऱ्या व्यक्तीशी नातं," अधिकाऱ्यांनी वाचून दाखवलं. "काय लिहायचं?"

"तुमच्याकडे काय काय आहे?"

"पती, मुलगा, भाऊ, नातेवाईक, भाडेकरू..."

"यातलं काहीच नाही." त्या क्षणभर थांबल्या. "एका वेळी जेवतो. तेवढं लिहिलं तर चालेल?"

"चालेल," डॉक्टर म्हणाले. "माझ्या उपयोगाचं तेच आहे."

फॉर्म टेबलावर फिरला. तारीख आकड्यांशी जुळत होती. अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. अहवाल कायम राहिले, पेटीवाल्याला लेखी समज मिळाली, आणि साहेब उठून खारूताईपाशी गेले.

"सोमवारचा ट्रे लावायचाय," ते म्हणाले.

"एप्रन घरी आहे," खारूताई म्हणाली.

"माझा घे."

खारूताईने बाहेर येऊन टायपिस्ट बाईंना वाकून नमस्कार केला. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या.

मोठ्या बाई आणि टायपिस्ट बाई फाटकाबाहेरच्या थांब्यावर येऊन बसल्या. दोघींच्या बस वेगवेगळ्या होत्या. कडक ऊन होतं आणि थांब्यावर दुसरं कोणी नव्हतं.

"वर येण्याआधी खालूनच मुलाला फोन केला," टायपिस्ट बाई म्हणाल्या. "म्हटलं, त्याला बाहेरून कळायला नको."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बरं. मग मी सांगितलं, पाकीटही आता तिकडे येणार नाही." त्यांची बोटं पर्सवर हलकेच वाजत होती. "मग म्हणाला, म्हणजे तू आता जिन्यापाशी येणार नाहीस?"

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"दर वेळी बघत होता तो, वरून. मी म्हटलं, बोलावलंस तर येईन."

"मग?"

"मग काही नाही. बोलला नाही." दूरवर बस दिसली तशा त्या पिशवी सावरून उभ्या राहिल्या. "पण फोनही ठेवला नाही त्याने. मीच ठेवला शेवटी. अकरा वाजत आले होते."